पोरीले इचारलं काय?

हमीदा, भांडण अर्धवट टाकून जायची ही कुठली रीत? आजवर आपण शंभर वेळा भांडलो असू. पण दर वेळी तू पुढच्या बाजाराला आमच्या धाड गावात यायचीस, माझ्या चुलीपुढं बसायचीस आणि जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करायचीस. या खेपेला शेवटचा वार माझा होता, आणि तो वाईट होता. मला वाटलं, येशील आणि फेडशील. तीन आठवडे मी तुझ्या वतीनं उत्तरं तयार केली आणि माझ्या वतीनं ती खोडूनही काढली. मग बाजारात धामणगाव बढ्याचा एक मिरचीवाला सहज सांगून गेला की रशीद शिंप्याची बायको काल रात्री गेली. त्याला काय माहीत तू माझी कोण ते. मी त्याला विचारलं, कोणती बायको? जणू रशीदभाईंच्या घरात चार होत्या. तो माझ्याकडं बघतच राहिला. हमीदा, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडातून तेच निघालं, ज्याच्यावरून मी तुला टाकून बोलले होते.

मी दुपारच्या गाडीनं आले. तोवर माती होऊन गेली होती. अंगणात बायका बसल्या होत्या, त्यांनी सरकून मला जागा दिली. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. तुझी जाऊ कोपऱ्यात तसबीहची माळ ओढत बसली होती. शेजारची एक बाई मला म्हणाली, "मेरी छोरी का निकाह है अगले महिने. अब उसके पास कौन बैठेगा?" ती हे मलाच का म्हणाली, कुणास ठाऊक. मी मान खाली घातली. छोरीच्या शेजारी बसून मी एकदा काय केलं होतं, ते त्या बायकांत कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेली बाई एकटी तू, आणि तुला पोचवून पुरुष नुकतेच परत आले होते.

आज ते लिहिते. लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

धाडच्या मराठी शाळेत आपण सातवीपर्यंत एकाच तरटावर बसलो. तुमच्या घरी अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोलायचे, तरी शुद्धलेखनात तू मला कायम मागं टाकायचीस. सातवीचा निकाल लागला तेव्हा हेडमास्तरांनी बुलढाण्याच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगचे दोन फॉर्म आणले, एक तुला आणि एक मला. तुझ्या अब्बांनी फॉर्म हातात घेऊन वाचला, घडी घालून कुडत्याच्या खिशात ठेवला आणि महिन्याभरात धामणगाव बढ्याचं स्थळ आणलं. महाराष्ट्र व्हायला तेव्हा अजून वर्ष होतं.

तरी तू घाबरली नव्हतीस. आमच्या मळ्यात वांगी तोडता तोडता तू मला सांगितलंस, की आमच्यात मुलीला विचारावंच लागतं. तिनं कबूल केल्याशिवाय निकाह होत नाही, बाप असो नाही तर बादशहा, तिच्या वतीनं कुणाला हो म्हणता येत नाही. हे तुझ्या अब्बांनीच तुला शिकवलं होतं, कुराण पढवताना. मला तुझा हेवा वाटला. आमच्यात मुलीला कुणी कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मग काय सांगशील? तू वांग्याचा काटा बोटातून काढत म्हणालीस, "तवाच पाह्यशीन."

दुल्हनच्या शेजारी एक मैत्रीण बसवायची, म्हणून मला बसवलं. लाल ओढणी एवढी मोठी की दोघींच्या डोक्यावरून खाली आली. आत आपल्या दोघींचा श्वास आणि अत्तराचा वास. दाराच्या पडद्यापलीकडं तुझे मामू वकील म्हणून, म्हणजे तुझा होकार न्यायला, उभे, त्यांच्याबरोबर दोन साक्षीदार. मामूंनी मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, मेहरची रक्कम, सगळं सांगून पहिल्यांदा विचारलं. तू गप्प. बायका हसून म्हणाल्या, लाजतेय. दुसऱ्यांदा विचारलं. तू गप्प. आता बायकांचंही हसू थांबलं. तुझी अम्मी वाकली, ओढणीखालून हात घालून तिनं माझी हनुवटी धरली. "बेटी, इसको समझा." तिचा हात गार पडला होता. बाहेर मांडवात माणसं खोळंबली होती, पुरुषांच्या खाकरण्याचे आवाज येत होते. मामूंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ओढणीच्या आतून आवाज गेला, "हाव."

तो माझा होता.

वऱ्हाडात मुसलमानाच्या घरात काय आणि माळ्याच्या घरात काय, पोरी हो म्हणताना हावच म्हणतात. दोन साक्षीदारांनी ते ऐकलं, मामूंनी अल्लाचे आभार मानले आणि पावलं मांडवाकडं वळली. तू माझ्याकडं पाहिलंस. डोळ्यांत राग नव्हता. तुझं तोंड उघडं होतं. तू बोलायला निघाली होतीस, हमीदा. मी आणखी दोन श्वास थांबले असते तर तू बोलली असतीस. हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

का केलं? तुझ्या अम्मीच्या हातामुळं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पंधरा वर्षांची पोर, तिला काय कळतंय, असंही. पण खरं सांगायचं तर त्या खोलीतली शांतता मला सहन झाली नाही. तू तुझं वाटोळं करून घेतेस, आणि मी तुला वाचवलं, असं मला वाटलं. वाचवल्याचा आनंदही झाला होता, जेवताना मी गोड भाताचा जर्दा दोनदा मागून घेतला.

जेवणाआधी रजिस्टर आत आलं होतं. अंगठा लाव, अंगठा लाव, बायका म्हणाल्या. तू पेन मागवला आणि मराठीत सही केलीस. पुढं आपल्या भांडणात ती सही माझा हुकमाचा पत्ता होता. तुला नको होतं तर सही का केलीस? यावर तू दर वेळी वेगळं उत्तर दिलंस. एकदा म्हणालीस, सही मी तुझ्या होकारावर केली, माझ्या नाही. एकदा म्हणालीस, अब्बांचा चेहरा पाहिला म्हणून. आणि एकदा नुसतीच म्हणालीस, "पेन तं मागू देल्ला, वच्छे. तेवढंच मह्यं."

पुढच्या उन्हाळ्यात धाडमधल्याच घरी माझं लग्न झालं. मला पाहायला आले, चालून दाखव म्हणाले, बोटं पाहिली, आणि आठ दिवसांनी आईनं मला अंगावर हळद लागतेय एवढं कळवलं. बस. तुझे भाऊजी चांगले निघाले हे माझं नशीब. त्यांनीच मला ट्रेनिंगला पाठवलं आणि मी गावच्या शाळेत बाई झाले. ट्रेनिंगचा फॉर्म भरताना मला दुसरा फॉर्म आठवला. तो कुडत्याच्या खिशातून पुढं कुठं गेला, तुझ्या घरी कुणालाच सांगता आलं नसतं.

दोन-अडीच वर्षं तू मला भेटली नाहीस. माहेरी आलीस तरी आमच्या गल्लीत फिरकली नाहीस. मग एकदा बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर दिसलीस. कडेवर तुझा थोरला मुलगा, हातात औषधाची बाटली. मी तोंड चुकवणार तेवढ्यात तू सरळ माझ्या बाकावर येऊन बसलीस. धाडची गाडी यायला तास होता. हालहवाल काही नाही, तू थेट मुद्द्यालाच हात घातलास. म्हणालीस, वर्षभर मी विचार करून राहिले, माझं लग्न झालं की नाही. झालं म्हणावं तर मी कबूल केलं नाही, नाही म्हणावं तर रोज त्या माणसाच्या भाकरी थापते. पोटात लेकरू राहिलं तेव्हा तुला राहवेना. तू रशीदभाईंना सगळं सांगितलंस. आवाज कुणाचा होता तेही.

मी विचारलं, मारलं का त्यांनी? तू म्हणालीस, काऊन मारतीन? ते उठून दुकानात गेले. दिवसभर मशीन चालल्याचा आवाज आला नाही. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, तुझ्यापासून हातभर अंतरावर बसले आणि म्हणाले, तेव्हा विचारणं पोचलं नाही, तर आता मी विचारतो.

"मंग?" मी विचारलं.

"तीन दिस लावले मी. चौथ्या दिवशी सांगलं."

"काय सांगलं?"

"ते त्याइले सांगलं. तुले काऊन सांगू?"

पण मला कळलं, कारण त्यानंतर तुम्ही दोघं दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या मौलानाकडं जाऊन गुपचूप पुन्हा निकाह पढवून आलात, हेही तू सांगितलंस. सांगताना तुझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी लाज म्हणणार नाही. तोरा होता तो. स्टँडवर बसून मी पदरानं डोळे पुसत होते आणि तू मुलाला केळं भरवत होतीस. मी म्हटलं, मला माफ कर. तू म्हणालीस, लग्नाचं माफ, त्याचं मी निस्तरलं. बाकीचं बघू. बाकीचं म्हणजे काय, हे तू कधी बोलली नाहीस. मी बाई झाले आणि तू काजं-बटणं करत बसलीस, ते असावं. त्या दिवशी ओढणीत तू काय म्हणायला निघाली होतीस, तेही मी कधी विचारू शकले नाही. धीर झाला नाही. आता विचारायला कुणाकडं जाऊ?

तिथून आपली भांडणं सुरू झाली ती झालीच. मी शिकलेली बाई, मला वाटायचं मी तुला बाहेर काढणार. बुरखा, तोंडी तलाक, चार बायका, मी एकेक काढायची. तू बुरख्यावर हसायचीस, तुह्या सासरी डोक्यावरचा पदर पडला तं काय होते ते सांग म्हणायचीस. माझ्या वडिलांच्या मागं मी भावांना हक्क सोडून दिला, एका लुगड्यावर. तू तुझ्या भावांकडून तुझा हिस्सा मागून घेतलास, त्यांनी वर्षभर तुझ्याशी बोलणं टाकलं तरी घेतलास. मी म्हटलं, तुला भावाच्या अर्धाच मिळतो, त्यात काय मोठंसं. तू म्हणालीस, नव्या कायद्यानं तुला भावाइतका होता ना, मग कुठं आहे? माझ्याकडं ते लुगडं होतं, तेही तोवर विरलं होतं.

तलाकवर मात्र तू हसायची नाहीस. तुमच्या गल्लीतल्या एकीला नवऱ्यानं भर रस्त्यात तीन शब्दांत मोकळं केलं, तेव्हा तू तिच्यासाठी मौलानांच्या दारात जाऊन बसलीस. हे असं नाहीच, एका दमात तीन म्हणणं पाप आहे, असं तू त्यांना सांगितलंस. ते म्हणाले, पाप आहे, पण झालं ते झालं. ती बाई लेकरं घेऊन माहेरी गेली. तू माझ्याकडं आलीस आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवलास. मी काही बोलायच्या आधीच म्हणालीस, "यावर मी भांडते. तू नको भांडू. तुले त्यातलं अर्धंच माहीत हाय, अन् जे माहीत हाय ते तू मले हरवाले वापरते." मला राग आला होता. आज वाटतं, तू अगदी बरोबर ओळखलं होतंस मला.

आणि मग तुझं ते पोरींच्या शेजारी बसणं. धामणगावात कुणाचाही निकाह असो, दुल्हनच्या खोलीत तू. मी एकदाच पाहिलं, तुझ्या पुतणीच्या लग्नात. वकील यायच्या आधी तू सगळ्या बायकांना बाहेर काढलंस, मुलीच्या आईलासुद्धा. मला ठेवलंस, का ते मला कळलं. मुलीच्या तोंडावरची ओढणी मागं सारलीस. तिच्यापासून हातभर लांब बसलीस, स्वतःचे दोन्ही हात मांडीत ठेवून, आणि मलाही तसंच बसायला लावलंस. वकिलांना म्हणालीस, मुलाचं वय सांगा, धंदा सांगा, त्याला आधीची बायको आहे की नाही ते सांगा, मग विचारा. ते कपाळाला आठ्या घालून सगळं बोलले. मुलगी गप्प. वकील म्हणाले, कुंवारी मुलीची चुप्पी म्हणजे कबूल, किताबात आहे. तू पडद्याकडं तोंड करून म्हणालीस, आहे, पण ती सवलत लाजणाऱ्या पोरीला दिलीय, घाईतल्या मामूला नाही. आणि जिच्या बापानं न विचारता लग्न लावलं होतं, ती पोर थेट पैगंबरांकडं गेली तेव्हा त्यांनी फैसला तिच्याच हाती दिला होता, तेही किताबात आहे. तुम्ही दुपारची जोहरची नमाज पढून या.

बाहेर गलका झाला. पुलाव निवत होता. तू जागची हलली नाहीस. शेवटी ती पोर हळूच म्हणाली, काकू, राहायचं सासूच्या घरात आहे की वेगळं, तेवढं विचारा ना. तू पडद्यापलीकडं तसाच निरोप धाडलास. वेगळी खोली आहे असं उत्तर आलं, आणि मुलीनं खणखणीत आवाजात कबूल म्हटलं. मांडवात लोक हसले. मी नाही हसले. मी माझे मांडीतले हात बघत होते. येताना तू मला म्हणालीस, एवढंच असते वच्छे, पोरीच्या मनात. एक खोली. पण ते तिनं बोलावं लागते.

एवढं सगळं पाहिलेली मी. आता शेवटच्या भेटीवर येते.

आमची लता दहावी झाली आणि मेहकरकडचं स्थळ चालून आलं. मुलगा ग्रामसेवक, घरी ओलिताची जमीन, माणसं अदबशीर. तुझ्या भाऊजींनी शब्द दिला, अंगठी घालून साक्षगंध उरकलं. आठ दिवसांनी तू बाजाराला आलीस. लतासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्यास. तिला घेऊन मळ्यात चक्कर मारून आलीस, कोथिंबीर खुडून आणलीस, आणि चुलीपुढं बसून मला विचारलंस, "पोरीले इचारलं काय?"

मी म्हटलं, काय विचारायचं त्यात? इतकं चांगलं घर. तू पुन्हा तेच विचारलंस. मी म्हटलं, आमच्यात नसतं असं. तू म्हणालीस, तुमच्यात नसते हे तं मले माहीत हाय, मी तुह्यं विचारून राह्यली. मी म्हटलं, साक्षगंध झालंय, लोक काय म्हणतील, नाव जाईल. तू म्हणालीस, "मले इचारलं व्हतं, अन् उत्तर तू देल्लं. पोरीले तं तू इचाराची बी तकलीफ घेत नाही." हे तू हळू आवाजात बोललीस. पण ते लागायचं तिथंच लागलं. पंधरा-सोळा वर्षांत तू आपणहून ती गोष्ट मला टोचून कधी बोलली नव्हतीस. मग माझा तोल गेला.

"ज्याच्यात तीन शब्दाईत बाई रस्त्यावर येते, अन् एकाले चार बायका चालतेत, ते मले शिकवून राह्यली?"

लता दारात उभी होती. तू माझ्याकडं पाहिलंस, मग लताकडं. तू काहीतरी म्हणणार असं वाटलं. पण नाही. उठलीस, बुरखा अंगावर घेतलास, आणि म्हणालीस, "ते बी खरं हाय. अन् हे बी खरं हाय." आणि गेलीस. दर वेळी मी तुला स्टँडपर्यंत सोडायला येत असे. त्या दिवशी भाकरी करपेल म्हणून आले नाही. तव्यावर भाकरी नव्हतीच, हमीदा.

मग ताप काय, कावीळ काय, ते सगळं मला रशीदभाईंनी अंगणात सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही. त्यांनी एवढंच आणखी सांगितलं, की तू बरं वाटलं की धाडच्या बाजाराला जायचं म्हणत होतीस, वच्छलाशी भांडण राहिलंय म्हणून. सांगताना ते थोडे हसले आणि उठून आत गेले. चांगला माणूस आहे. तू त्यांना तीन दिवस ताटकळत ठेवलंस हे आठवून मला त्या अंगणात, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.

परत आल्यावर दोन दिवस मी शाळेत पाढे घेतले, पोरांवर ओरडले, घरी आले की भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी दुपारी लता ओसरीवर मिरच्या निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. शाळेत शंभर पोरांसमोर बोलते मी, पण आधी तिच्या पुढ्यातल्या चार मिरच्या मीच निवडल्या. शेवटी विचारलं, लता, हे लग्न तुला करायचंय का?

तिनं मान वर केली नाही. मिरचीचे देठ मोडत राहिली. माझ्या जिभेवर सगळं आलं, मुलगा किती चांगला आहे, घर कसं आहे, बाबांनी शब्द दिलाय. तोंड दाबून धरल्यासारखी बसले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मौसीले सांगलं व्हतं मी."

"कवा?"

"आल्ती त्या दिवशी. मळ्यात. तिनं इचारलं म्हून सांगलं."

"काय सांगलं?"

"नाही म्हून. आत्ता नाही, अन् त्याच्याशी तं कधीच नाही. साक्षगंधाच्या दिवशी तो त्याच्या आईले कसा बोलला ते मी ऐकलं, आई."

मी विचारलं, मग तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू कुठं विचारलं? आणि मौसीनं मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तेव्हा लतानं हातातली मिरची खाली ठेवली. म्हणाली, मीच तिले म्हनलं व्हतं, मौसी, तूच सांग आईले. तं ती म्हने, "तुह्यं उत्तर मी नाही देनार, बेटा. मी तुह्या आईले इचाराले लावते. मंग तू सांग."

म्हणजे माझ्या चुलीपुढं बसताना तुला माहीत होतं. पोरीचा नकार तुझ्या ओटीत होता. मी तुझ्या धर्मावर घसरले, तुला नाही नाही ते बोलले, तेव्हा तू एक वाक्य बोलली असतीस तर माझी वाचा बसली असती. लता दारात उभी होती, तू तिच्याकडं पाहिलंस, आणि तरी बोलली नाहीस. मला वाटलं होतं, तुझ्याकडं उत्तर नाही. उत्तर होतं, पण ते तुझं नव्हतं म्हणून तू माझे शब्द अंगावर घेऊन निघून गेलीस. मी ज्या जागी चुकले त्याच जागी, माझ्याच पोरीच्या वेळी, तू गप्प राहिलीस. एवढं केलंस आणि मला माफी मागायलाही उरली नाहीस. याचा राग येतो मला. खरंच येतो. आणि रागाखाली जे आहे त्याला काय म्हणावं ते कळत नाही. आईसुद्धा माझ्यासाठी इतकं कधी थांबली नव्हती.

तुझ्या भाऊजींना मी सांगितलं. ते म्हणाले, शब्द गेला आता. मी म्हटलं, शब्द तुमचा होता, लग्न तिचं आहे. हे तुझं बोलणं होतं, माझ्या तोंडून निघालं. दोन दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत, जेवायला बसतात आणि ताटाकडं बघत जेवतात. दीर येऊन समजावून गेले. शाळेतल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुसलमान मैत्रिणीच्या नादानं हे झालं. मी म्हटलं, हो, तिच्याच.

आता मेहकरला कुणीतरी जाऊन सांगायला हवं. निरोप धाडणं बरं नव्हे. मी म्हटलं, मी जाते, मी बोलते, मला शाळेत बोलायची सवय आहे, मी नीट शब्दांत सांगेन. लता म्हणाली, मी येते, मीच सांगते. मी नको म्हणणार होते. पोरीनं त्या घरात पाऊल टाकायचं, चार माणसांत तोंड उघडायचं, कुणी काही बोललं तर? माझं सगळं भाषण तयार आहे, हमीदा. अगदी गोड, कुणाचं मन दुखणार नाही असं.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. मी तिच्यापासून हातभर लांब बसेन. ती अडखळेल, ओठ हलतील, आवाज फुटणार नाही, माणसं खाकरतील, आणि मला वाटेल की आता मीच बोलून टाकावं. तेव्हा मला गप्प बसायचंय.